अंक बेचाळीस

मुंजे चौकामागच्या गल्लीत, मेट्रोच्या खांबाच्या सावलीत
झाडेकाकांचं दुकान : अर्धं झेरॉक्सचं, अर्धं कॉमिक्सचं.
सावली सरकते तसा बाक सरकतो
आणि बाकाबरोबर आम्ही.

शुक्रवारी गठ्ठा उतरला. रविवारी सकाळपर्यंत
सगळ्यांचा वाचून झालेला, काहींचा दोनदा.
ऊन आत्ताच बेचाळीसवर,
अंकाच्या नंबराएवढं, कोणीतरी म्हणालं
आणि कोणी हसलं नाही.

"उल्कासुत रडला कायले बे?"
पोह्यावर तर्री ओतता ओतता प्रणित टेंभुर्णे तापला.
"सहा पानं! सहा पानं नुसता पुलावर बसून रायला.
नव्वद रुपये घेऊन रायले, अन् बुक्की एक.
तेही चुकली."

"चुकलीच पाहिजे होती," लविना जेसवानी.
जरीपटक्याहून दोन गाड्या बदलून येते,
अंक प्लास्टिकमध्ये, एक कोपरा दुमडलेला नाही.
"बारा वर्षं जिंकून रायला तो. थकणार नाही का माणूस?"
"माणूस कुठं हाय तो? उल्केतून पडला."
"पडला तं पडला. वाढला तं इथंच ना."

निखतला नवा रंगारी पटलेला नाही.
"राखेश्वराची राख निळी?
राख पाह्यली का त्यानं कधी?"

उईके सर, मनपाच्या शाळेत गणित,
चष्मा कपाळावर ढकलून सांगतात
की पूल ज्या कोनात पडला त्या कोनात पूल पडत नाही.
दर महिन्याला ते असं काही सांगतात.
दर महिन्याला अंकही घेतात.

मी बोलत नाही.
त्या फुग्यांतली अक्षरं मी बसवतो.
शेवटच्या पानावर बारकोडाच्या वर
मुंगीएवढं माझं नाव आहे, तिथवर कोणी पोचत नाही.
"अन् 'मी हरलो' केवढं बारीक लिवलं, दिसतच नाई,"
प्रणित म्हणतो.
बारीक मीच केलं. तीन रात्री करून पाहिलं,
मोठ्या अक्षरांत ते खोटं वाटत होतं.
हे सांगावंसं वाटलं. मग मी लिंबू मागितलं.

तेवढ्यात आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेली एक मुलगी,
आठ-नऊची, लविनाच्या मांडीवरचा अंक उलटीकडून वाचत :
"ही डबेवाली बाई कुठं गेली?"

कोण बाई?

"लाल डब्याची. मागच्या अंकात बी होती,
त्याच्या मागच्या बी. पळतच असते."

पानं उलटायचा आवाज. पंख्यासारखा.
एकोणीसवर ती आहे, गर्दीत, अंगठ्याएवढी,
डबा छातीशी.
विसावर पूल पडतो, उल्कासुत बस झेलतो.
एकविसावर टाळ्या.
उईके सरांनी पेन काढून मोजलं :
पुलावर चौदा, काठावर तेरा.

प्रणितनं पोहे खाली ठेवले.
"छपाईत राह्यली असन," झाडेकाका म्हणाले,
आणि मुलीकडून दोन रुपये घेतले नाहीत.

त्रेचाळीसची पानं माझ्या घरी आहेत.
मला माहीत आहे, ती त्यात नाही.
मी दुसरी प्लेट सांगितली.

रात्री कूलरमधलं पाणी संपलं तरी उठलो नाही.
पान चार, चौकट पाच : नायक उडतोय,
खाली कोपऱ्यात एका दुकानाची कोरी पाटी,
चित्रकारानं पेन्सिलीनं लिहिलंय, 'इथं काहीही टाक'.

मी टाकलं : येथे डबे मिळतील.
सगळ्यात लहान टाइपात.
शाई पसरली तर वाचताही येणार नाही.

रंग माझं काम नाही,
तरी 'डबे' तेवढं लाल केलं.
निखत ओरडेल,
पाटी पाह्यली का त्यानं कधी.